आईचा खरा महिना आणि एक फिरोजा: सोलापूर ते करकंब

नाही, पण मोतीच का, एवढंच मी विचारत होते.

जूनचा बर्थस्टोन मोती, आईचा वाढदिवस एक जून, म्हणून मोती. ठीक आहे. पण मग बाबांचा वाढदिवसही एक जून, मोठ्या काकांचाही एक जून. आमच्या सोलापूरच्या गल्लीत आईच्या वयाची जेवढी माणसं आहेत, त्यातली निम्मी एक जूनवाली. कुणाला माहीत नसेल तर सांगते. पूर्वी पोराला शाळेत घालायला नेलं की जन्मतारीख घरच्यांना ठाऊक नसायची. मग गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि पुढे एक जून टाकायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वयाचा हिशोब नीट बसायचा, विषय संपला. आई त्याच तारखेवर शाळेत गेली, त्याच तारखेवर सरकारी दवाखान्यात नर्स झाली आणि त्याच तारखेवर या मे महिन्यात रिटायर झाली.

मला तिला रिटायरमेंटचं काहीतरी द्यायचं होतं. मी पुण्यात नोकरी करते आणि गेल्या वर्षी रत्नांचा एक छोटा ऑनलाइन कोर्स केला, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. मैत्रिणींनी माझ्यासमोर अंगठ्या घालणं बंद केलंय, कारण मी लगेच हात ओढून बघते. तर आईला तिच्या महिन्याचा खडा द्यायचा, हे नक्की होतं. पण तिचा महिना, गुरुजींचा नाही. साठ वर्षांत या बाईचा स्वतःचा असा वाढदिवस कधी झालेला नाही, आणि सुरुवातच चुकीच्या खड्याने करायची हे मला पटेना.

फोन केला. "आई, तू खरंच कधी जन्मलीस?"

"थंडीत, म्हणे."

"थंडीत म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर का जानेवारी?"

"मी काय कॅलेंडर बघत आले होते? तू जेवलीस का?"

नोव्हेंबरला पिवळा सिट्रीन, डिसेंबरला आकाशी फिरोजा, जानेवारीला लाल गार्नेट. तीन महिने, तीन वेगळे खडे. आईचं माहेर करकंब, पंढरपूर तालुक्यातलं. तिथे मिलिंदमामा राहतो, आईचा धाकटा भाऊ. ठरवलं, शुक्रवारची सुट्टी टाकायची आणि महिना घेऊनच परत यायचं.

शुक्रवार, सोलापूर

पुण्याहून सकाळची ट्रेन पकडली. चारेक तास लागतात, रिझर्वेशन आधी केलं तर आरामात बसून जाता येतं. दौंड गेलं की बाहेरचा हिरवा रंग हळूहळू कमी होतो आणि कुर्डुवाडीनंतर नुसतं मोकळं रान. दिवाळी होऊन गेली होती, त्यामुळे गर्दी नव्हती आणि ऊनही सहन होण्यासारखं होतं. सोलापूरला यायचं तर नोव्हेंबर ते जानेवारीतच या. एप्रिलमध्ये येऊन मला शिव्या देऊ नका.

घरी सांगितलं, मामाला भेटायला चाललेय. आई शेंगाची चटणी कुटत होती. "अचानक मामा कसा आठवला?" एवढंच म्हणाली आणि मामासाठी चटणी आणि कडक भाकरीची पिशवी बांधायला लागली. खड्याचं मी बोललेच नाही. आमचं बौद्ध घर. राशी, ग्रह, ताईत, खडे हे सगळं आजोबांच्या काळापासून बंद. आईसमोर खडा हा शब्द काढला तर आधी अर्ध्या तासाचं भाषण ऐकावं लागतं.

संध्याकाळी सराफ बाजारात गेले. पहिल्या मोठ्या दुकानात काउंटरवर नऊ खड्यांचा तक्ता होता.

"रास कोणती ताई?"

"रास नाही, महिन्यावरून हवाय."

"महिना म्हणजे, चैत्र, वैशाख?"

"डिसेंबर. बहुतेक."

"बहुतेक?" त्यांनी चष्मा काढला. मी फिरोजा म्हटल्यावर त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं. "नवरत्नात बसत नाही हो. कुठल्या ग्रहासाठी देऊ मी तुम्हाला?"

खरं सांगू का, मला तिथेच फिरोजा जास्त आवडला. पुष्कराज गुरूचा, नीलम शनीचा, आणि हा मोकळा.

त्यांनीच मागच्या बोळातलं रफीकचाचांचं दुकान सांगितलं. दुकान म्हणजे एक कपाट, एक गादी आणि एक टेबललॅम्प. चाचांनी कापसात गुंडाळलेल्या पुड्या काढल्या.

"फिरोजा है, मगर किसके वास्ते होना?"

"आईसाठी."

"अम्मी रोटी बनाते?"

"भाकरी."

"तो अंगूठी नक्को. फिरोजा तेल पीता, पसीना पीता, सेंट पीता. पीते पीते हरा पड़ जाता. लॉकेट बनाव."

हे अगदी खरं आहे, कोर्समध्येही शिकवलेलं. या दगडाला बारीक छिद्रं असतात, म्हणून तो हिऱ्या-माणकासारखा निर्धास्त राहत नाही. चाचांनी दोन खडे वेगळे ठेवले. एक सरळ आकाशी, डाग नसलेला. "ये ईरान का." दुसरा हिरवट, त्यावर काळ्या रेषांचं जाळं. "ये तिब्बत तरफ का बोलके आया. अपन गए नै देखने को." तिसऱ्या पुडीत एकदम झगझगीत निळे मणी होते. ते त्यांनी लगेच बाजूला सारले. "ये रंगाया हुआ. बारिश में पहने तो कुर्ता बी फिरोजा."

मग म्हणाले, त्यांच्यात मानतात की घालणाऱ्यावर काही येणार असलं तर फिरोजा ते स्वतःवर घेतो आणि रंग बदलतो.

"चाचा, रंग तर तेलाने बदलतो. आत्ताच म्हणालात."

"हौ. लोगां दोनों बोलते. मैं तो बेचता."

मी म्हटलं आकाशी बाजूला ठेवा, रविवारी येते. महिना अजून कन्फर्म नाही हेही सांगितलं. चाचांनी पुडी बांधली. "अम्मी है ना घर में? पूछ लो ना."

"विचारलं. थंडी म्हणाली."

शनिवार, पंढरपूरमार्गे करकंब

सोलापूर स्टँडवरून पंढरपूरची एसटी सकाळी भरपूर मिळते. बायकांना हाफ तिकीट, त्यामुळे बसमध्ये आम्हीच जास्त. मोहोळवरून रस्ता चांगला आहे, फक्त या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून पुढे चालतात आणि ड्रायव्हर त्यांच्यामागे शांतपणे रांगत राहतो. दोन तास धरा, गडबडीत असाल तर अडीच. पंढरपूर स्टँडबाहेर पोहे-चहा झाला आणि तिथून करकंबची दुसरी गाडी. गाडी चुकली तर जीप असते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. करकंबला राहायची सोय मिळेल असं धरून जाऊ नका. कुणी नातेवाईक नसेल तर पंढरपुरात राहा आणि दिवसाचं जाऊन या.

बसमध्ये मी फिरोजाचा इतिहास परत वाचत बसले. इजिप्तमधले लोक हजारो वर्षांपूर्वी सिनाईच्या डोंगरातून हा दगड काढायचे. इराणमधल्या नैशापूरचा सगळ्यात नावाजलेला. तिथून तुर्कस्तानमार्गे युरोपात गेला, म्हणून तिकडे त्याचं नावच 'तुर्की दगड' पडलं, टर्कॉईज. जिथला नाही तिथलं नाव लागलंय बिचाऱ्याला. आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे लडाख-तिबेटचे बौद्ध. तिकडे बायका डोक्यावरून पाठीपर्यंत येणाऱ्या पट्टीवर फिरोजाच्या रांगा शिवून घेतात आणि आईची पट्टी लेकीकडे जाते. आईला पटवायला हा मुद्दा मी बाजूला काढून ठेवला.

मामाचं बाजारपेठेत पंक्चरचं दुकान आहे. मला बघून हातातली ट्यूब पाण्यात तशीच सोडली. "समे, तू? फोन तर करायचा." घरी गेलो. मामीने पाणी दिलं आणि मी सरळ विषय काढला.

"आईचा जन्म?" मामा एकदम कॉन्फिडंट. "दसऱ्याला झाली ती. गावातलं सगळं गडी नागपूरला गेलेलं, दीक्षाभूमीला. मागं बायकाच. आय सांगायची की."

दसरा म्हणजे ऑक्टोबर, ऑक्टोबर म्हणजे ओपल. "पण आई म्हणते थंडी होती."

"दसऱ्यालाबी सकाळचं गार असतंय की."

मामी आतून म्हणाली, "तुमी त्या टायमाला जन्मलाबी नव्हता. बघायला गेल्यावानी सांगताय. सोनाक्काला इचारा."

सोनाक्का म्हणजे आईची चुलत बहीण, सत्तरीच्या पुढची. ती लेकाकडे मळ्यातल्या वस्तीवर राहते. मामाने गाडी काढली. कॅनॉलच्या कडेने कच्चा रस्ता आहे, दोन्ही बाजूला ऊस, मधूनच ज्वारीचं रान. आम्ही पोचलो तेव्हा आक्का बाजेवर बसून हरभऱ्याचा कोवळा पाला निवडत होती.

"कुनाची गं ही?"

"शेवंताची," मामा म्हणाला.

"शेवंताची व्हय. नाक तिचंच हाय." तिने मला बाजेवर ओढून बसवलं आणि हातात पाल्याचा ढीग दिला. म्हणजे काम करत करत बोल.

मी विचारलं. तिने जरासुद्धा विचार केला नाही.

"मी राखनीला हुते. माळ्यावर, गोफन घिऊन. ज्वारी दुदावर आलेली, पाखरं नुसती तुटून पडायची. तवर चुलतीनं हाळी मारली, सोने, खाली उतर, सुईनीला आन. गावात गडी म्हनून न्हाय. समदी ममईला गेलेली."

"नागपूरला, आक्का," मामा म्हणाला.

"ममईला."

"आय तर म्हनायची..."

"मिलिंदा, दसऱ्याला ज्वारी कुटं असती रं? तवा पेरनी चाललेली असती. पाखरं काय ढेकळं खात्यात?"

मामाने डोकं खाजवलं. मग समोरच्या रानाकडे बघितलं, जिथे ज्वारी नुकती गुडघ्याच्या वर आली होती. "ते बी खरं हाय," म्हणाला.

मुंबईला सगळे जायचे ते सहा डिसेंबरला, चैत्यभूमीला. आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडा. मी बाजेवरून उठलेच. आक्का पुढे सांगत होती. "मी गोफन टाकली अन् पळाले सुईनीच्या वस्तीला. हिकडं पाखरांनी निम्मं रान साफ केलं. तुजी आय झाली, समद्या बाया म्हनल्या पोरगी लई ग्वाड हाय. अन् माजा बा आल्यावर म्हनला, ज्वारी कुटं हाय. मार मी खाल्ला तुज्या आयपायी."

"कुठल्या तारखेला, आठवतं का? सहालाच?"

"गडी गेल्यावर दुसऱ्या दिशी, का तिसऱ्या. पाखरं ध्यानात हायत, तारीख न्हाय." मग तिने माझ्या हातातली जून पानं काढून टाकली. "पन तुला कशाला पायजेल?"

मी म्हटलं, आईला तिच्या महिन्याचा खडा द्यायचाय.

आक्का एवढी हसली की तिला ठसका लागला. "शेवंता खडा घालनार? माज्या लेकाच्या बोटातला शनीचा खडा तिनं काडून उकिरड्यावर फेकला. अन् वर ताप हाय म्हनून इंजेक्शन दिलं."

मी हिरिरीने सांगायला लागले. हा ग्रहाचा नाही, रास लागत नाही, नुसता महिन्याचा आहे. महिन्यांचे खडे मानायची पद्धत जुनीच होती, पण कुणाचा काहीच मेळ नव्हता. म्हणून शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतले सराफ एकत्र बसले आणि त्यांनी एक यादी ठरवून टाकली. डिसेंबरला फिरोजा. नंतर त्यात आणखी एक-दोन खडे घातले, ते वेगळं.

"म्हंजी तितंबी कुनीतरी मास्तरच बसला हुता की," आक्का म्हणाली. "आमच्या मास्तरानं समद्यांला येक जून लावला, तुज्या मास्तरानं खडा."

मामा जोरात हसला. आक्का बरोबरच बोलत होती. पण मला त्याने काही फरक पडला नाही. एक यादी गुरुजींची आणि एक सराफांची, आणि दोन्हीपैकी एकीत तरी आईचा खरा महिना बसत होता.

दुपारी तिथेच जेवलो. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, ठेचा आणि ताक. करकंबला बघायला काय आहे असं कुणी विचारलं तर माझ्याकडे या भाजीशिवाय उत्तर नाही. पण नोव्हेंबरात मिळाली तर फक्त तिच्यासाठी दोन गाड्या बदलायला हरकत नाही.

रविवार, परत सोलापूर

चाचांचं दुकान रविवारी सकाळी उघडं असतं. मी दारातूनच सांगितलं, "डिसेंबर."

"अम्मी बोले?"

"ज्वारी बोली."

त्यांनी आकाशी खडा काढला, चांदीचं साधं कोंदण घेतलं, मागून बंद, म्हणजे घाम थेट लागणार नाही. दुपारपर्यंत लॉकेट तयार. तुम्ही घेणार असाल तर दुकानदाराला सरळ विचारा, रंग चढवलाय का, आणि आत काही भरून कडक केलाय का. कडक केलेला वाईट नसतो, रोज घालायला उलट बरा, पण मग किंमत कमी हवी. नेट बघून नेलपॉलिश रिमूव्हर लावून तपासायला जाऊ नका, खरा असेल तर तोच बिघडेल. साबण, तेल, अत्तर सगळं झालं की शेवटी घालायचा आणि कोरड्या मऊ कापडाने पुसायचा, बस.

घरी आले. आई गॅलरीत कपडे काढत होती. मी आधी आक्का सांगितली, मग पाखरं, मग मुंबई, आणि शेवटी एकदम, "आई, तू डिसेंबरची आहेस. सहाच्या आसपासची."

"मला माहीत आहे," ती म्हणाली आणि चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

मी चादरीची घडी घालून दिली. मग विचारलं, "मग फोनवर थंडीत, म्हणे, असं का म्हणालीस?"

"सांगितलं असतं तर तू केक आणला असतास."

"आणला असता. त्यात काय?"

"सहा डिसेंबरला?" आईने दुसरी चादर घेतली. "तुझे आजोबा मुंबईहून आले तेव्हा त्यांना सांगितलं, मुलगी झाली. सगळे म्हणाले, पेढे वाटा. ते म्हणाले, आत्ता नको, माझ्या डोळ्यांसमोर ती गर्दी आहे, या आठवड्यात माझ्याकडून गोड वाटवणार नाही. मी नोकरीत होते तेव्हा दरवर्षी त्या दिवशी रजा घ्यायचे. पांढरी साडी नेसून बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी मेणबत्ती लावायची. त्याच दिवसांत माझा वाढदिवस असतो हे मला कधी आठवायचंही नाही. एक जूनने मला काय कमी दिलंय? शाळा दिली, नोकरी दिली. ती राहू दे."

मला वाटलेलं मी तिला तिची तारीख आणून देतेय. तिने ती कधीच दुसऱ्याला देऊन टाकली होती, आणि मनापासून.

मी डबी तशीच पुढे केली. तिने उघडली. कपाळावर आठी आली. "कुठल्या ग्रहाचा?"

"कुठल्याच नाही. लडाखच्या बौद्ध बायका घालतात."

"मग कशाचा?"

"महिन्याचा. याला तारीख लागतच नाही, आई. महिना पुरतो."

तिने लॉकेट उजेडात धरलं, उलटं करून बघितलं, नर्स लोक गोळीचं पाकीट बघतात तसं. "अख्खा महिना?"

"अख्खा."

"साबण चालतो?"

"नाही. तेल नाही, अत्तर नाही, घाम जमलं तर नाही."

"म्हणजे घरात आणखी एक पेशंट." पण तिने ते गळ्यात घातलं, पदर सारखा केला आणि आरशापाशी गेली. बराच वेळ तिथेच होती. मग आतूनच म्हणाली, "सहाला काढून ठेवायचं की घालायचं ते माझं मी बघेन. तू मला सांगायचं नाहीस."

रात्रीच्या गाडीने पुण्याला आले तेव्हापासून हेच डोक्यात आहे. मी गेले होते तिला वाढदिवस द्यायला, आणि तिला एक रंग आवडला, एवढंच झालं असं कधी वाटतं. कधी वाटतं तेच पुष्कळ आहे. पण मी ऐकणाऱ्यातली नाही, हे तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल. आठवडा उलटला की डिसेंबर चोवीस दिवस उरतो. त्यातला एखादा साधा, कुणाचाच नसलेला दिवस धरून मी गल्लीत पेढे वाटू शकते. तिची हरकत सहाला आहे, वीसला नाही. किंवा तिचं ऐकून एक जूनच पाळायचा, तिने निवडलेला म्हणून, आणि डिसेंबर तिच्या गळ्यात गुपचूप राहू द्यायचा. तुमच्याही घरात एक जूनवालं कुणीतरी असेलच. सांगा ना, तुम्ही माझ्या जागी असता तर पेढे आणले असते का?